इंगळे सरांचा मुका लॅपटॉप

"आला का आवाज, मॅडम?" इंगळे सरांनी चौथ्यांदा विचारलं.

"नाही सर. थांबा जरा."

लॅपटॉप माझ्या काउंटरवर उघडा होता. स्क्रीन लख्ख, बॅटरी भरलेली, फाइली पटापट उघडत होत्या. सगळं ठणठणीत, फक्त आवाज गेलेला. दुसऱ्या कोणाचं मशीन असतं तर मी म्हटलं असतं, न्या घरी, सोमवारी बघू. पण इंगळे सरांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. त्यांचा लॅपटॉप बोलतो आणि ते ऐकतात, यालाच ते वाचणं म्हणतात. आवाज गेला म्हणजे त्यांच्यासाठी मशीनच गेलं.

गुरुवारची दुपार होती, साडेतीन वाजले होते. शुक्रवारी सकाळी अकराला त्यांना शाळेत मुख्याध्यापकांसमोर याच लॅपटॉपवर धडा घेऊन दाखवायचा होता. जमला तर दहावीचा इतिहास त्यांच्याकडे राहणार होता. नाही जमला तर वर्ग दुसऱ्याकडे जाणार आणि सरांना ग्रंथालय सांभाळायला बसवणार. अठरा वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस. आणि त्यांचा लॅपटॉप मुका करून ठेवला होता मी.

मेहकरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. सुरुवातीला लोक दारात उभे राहून विचारायचे, "साहेब कुठं गेले?" मी म्हणायची, साहेब म्हणजे मीच, बोला. आता नाही विचारत कोणी. इंगळे सर माझे जुने ग्राहक. हिवरा आश्रमच्या पुढे एका गावात हायस्कूलला शिकवतात. गिऱ्हाईक म्हणून अगदी सरळ, पण स्वाभिमानी. खुर्ची पुढे ओढून दिली तर म्हणणार, "मले सापडते हो खुर्ची."

त्यांच्या लॅपटॉपवर स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम असतो. पडद्यावर जे लिहिलेलं आहे ते तो मोठ्याने वाचतो. सर माउसला हात लावत नाहीत, सगळं कीबोर्डवर. मराठीही वाचतो तो, पण आवाज असा की कोणी पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलतंय. इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नाही, कारण सर कानात इअरफोन घालूनच काम करायचे. दुकानातसुद्धा. समोरच्या रसवंतीचं घुंगरू आणि बसचे हॉर्न, यात दुसरं काय ऐकू येणार?

भानगड सुरू झाली ती नव्या मुख्याध्यापकांमुळे. शाळेत डिजिटल वर्ग आला, दहावीचे पालक जागरूक झाले, आणि कोणीतरी तक्रार केली की इंगळे सरांची सगळी तयारी बायको करून देते. मुख्याध्यापक म्हणाले, एक धडा माझ्यासमोर घ्या, लॅपटॉप स्वतः चालवा. वर अट घातली: इअरफोन नको. कानात कोणी फोनवरून सांगत होतं असं उद्या पालक म्हणाले तर? लॅपटॉप काय बोलतो ते सगळ्या वर्गाला ऐकू आलं पाहिजे.

सर दुकानात आले तेव्हा आधी अर्धा तास इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "मॅडम, हा डब्यातला आवाज स्पीकरवर लावला तं पोट्टे हसतीन. पंधरा-सोळा वर्षांचे पोट्टे ते. एकदा हसाले लागले की वर्ग गेला हातचा."

"मग काय करायचं म्हणता?"

"तुमाले माहीत असन. नवी सिस्टीम येऊन राह्यली म्हणे. तिच्यात मराठी आवाज माणसासारखा आहे. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एकानं ऐकवला."

माहीत होतंच. लॅपटॉप ज्याच्यावर चालतो ती मूळ यंत्रणा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. तिची नवी आवृत्ती बाजारात आणायच्या आधी कंपनी चाचणीसाठी हौशी लोकांना देते. तिला बीटा म्हणतात. नवं बियाणं आधी बांधाकडच्या दोन ओळींत पेरून बघतात ना, तसं. सगळं वावर कोणी त्यावर लावत नाही. माझ्या दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर मी ती बीटा पंधरा दिवस चालवत होते. मला असली हौस आहे. नवीन काही आलं की हात शिवशिवतात.

पण दुकानाचा नियम पक्का होता: ग्राहकाच्या कामाच्या मशीनवर बीटा टाकायची नाही. तोंडाने मी तो नियम सरांना सांगितलासुद्धा. आणि सांगता सांगता माझा लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

दहावीच्या इतिहासातल्या पर्यटनाच्या धड्यात सरांनी लोणारच्या सरोवराचं उदाहरण घेतलं होतं. त्याच्या नोट्स पेनड्राईव्हवर होत्या. मी फाइल उघडली आणि आवाज सुरू केला. एका बाईचा आवाज, स्वच्छ, ठसठशीत, वाक्य संपलं की खाली येणारा. सर मान वाकडी करून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की मी दुसरीकडे बघितलं.

"बाप्पा!" ते म्हणाले. "ही तं बाईच बोलून राह्यली. माझंच लिवलेलं वाचून राह्यली."

झालं. माझा नियम तिथेच वितळला. खोटं कशाला सांगू, त्यांच्या भल्यासाठी तर होतंच, पण माझ्या हौसेसाठीही होतं. इतकं चांगलं काम आपल्या हातून होतंय, या आनंदात मी होते.

कंपनीने बीटाबरोबर माहीत असलेल्या दोषांची यादी दिलेली असते. मी ती वाचली. काही मशीनवर प्रिंटर दोनदा जोडावा लागेल. काही मशीनवर कॅमेरा उलटा दिसेल. काही लॅपटॉपवर आवाज बंद पडू शकतो, दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत. सगळं 'किरकोळ' या मथळ्याखाली. मीही किरकोळ म्हणूनच वाचलं आणि सरांच्या लॅपटॉपवर बीटा टाकून दिली.

रविवारी सर आणि सुनंदावहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, लॅपटॉप न्यायला आले. आता इथली एक रीत सांगते. आमच्याकडे ग्राहक मशीन परत घेताना आधी सी ड्राईव्ह बघतो. लॅपटॉपमध्ये मुख्य साठ्याची एक पट्टी दिसते. जागा भरत आली की लाल, मोकळी असली की निळी. पट्टी निळी दिसली की काम चांगलं झालं. लाल दिसली की या बाईने काहीच केलं नाही. बाकी मी आत काय रक्त आटवलं ते कोणाला दिसत नाही.

वहिनींनी पट्टी बघितली. "मॅडम, हे लाल काऊन दिसून राह्यलं? दर वख्ती तं निळं करून देता तुम्ही."

"आत्ता करते वहिनी," मी म्हटलं.

लाल का होतं? नवी सिस्टीम टाकली की ती जुनीला लगेच फेकून देत नाही. दहा दिवस एका फोल्डरात जपून ठेवते. नवी पटली नाही तर एक बटण दाबा, जुनी परत. तो फोल्डर भलामोठा असतो. मी हाताच्या सवयीने सफाई लावली आणि तो पुसून टाकला. पट्टी निळीशार झाली. वहिनी खूश. बावीस वर्षांत शेकडो मशीनवर मी हेच केलं असेल. पण बीटा टाकलेल्या मशीनवर ते करणं म्हणजे शिडीने वर चढून शिडी खाली ढकलून देणं. त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही.

गुरुवारी सकाळी त्या बीटाने स्वतःहून एक अपडेट घेतला आणि आवाज गेला.

सरांनी मला नंतर सांगितलं, त्यांना वाटलं मशीन बंद आहे. चार्जर लावला, काढला, परत लावला. बटण दाबून धरलं. मग नुसत्या किज् दाबत बसले तासभर, एखादा शब्द तरी येईल म्हणून. वहिनी चार दिवसांसाठी माहेरी, धाड गावी गेल्या होत्या. शेवटी शाळेत अर्धी रजा टाकून ते एकटे एसटीने मेहकरला आले.

आणि आता साडेतीन वाजता मी त्यांच्यासमोर सगळे उपाय करून बसले होते. आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे स्पीकर आणि सिस्टीम यांच्यातला दुभाषी, काढून परत टाकला. जुना टाकला, नवा टाकला. काही नाही. मग मागे जायचं बटण बघितलं. ते पुसट पडलेलं. दाबलंच जाईना. तेव्हा मला ती निळी पट्टी आठवली.

लपवता आलं असतं. त्यांना काय दिसणार होतं? हा विचार माझ्या मनात येऊन गेला, त्याची आजही लाज वाटते. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. नियम मोडला ते, सफाई केली ते, आणि यादीत आवाजाचं आधीच लिहिलेलं होतं तेही.

"तुम्ही वाचलं होतं?"

"हो सर."

"मंग?"

"किरकोळ म्हणून लिहिलं होतं. मलाही बारकी अडचण वाटली."

सर आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, स्क्रीन काळी पडते असं लिवलेलं असतं, तं बारकी अडचण म्हटली असती का तुम्ही?"

मी खुर्ची मागे सारून उठले.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. आत जाऊन त्यांच्या मुख्याध्यापकांना फोन लावला. म्हटलं, चूक माझी आहे, सरांना दोन दिवस द्या.

"तुम्ही कम्प्युटरवाल्या मॅडम ना?" ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, वैतागलेला होता. "हे पाहा, मले कोणाचा वर्ग काढाची हौस नाही. पण पालक माझ्या टेबलावर येऊन बसतात. तारीख मी त्यांना सांगून बसलो. पुढं ढकललं तं ते म्हणतीन, पाहा, जमत नाही म्हणूनच ढकललं. यात इंगळे सरांचंच नुकसान आहे."

बाहेर आले तर सर उभे. सगळं ऐकलेलं. कान तिखट आहेत त्यांचे.

"माझ्यासाठी कायले मागता तुम्ही?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मी सांगतलं होतं का? मले सवलत पाह्यजे असती तं मीच मागतली असती!"

"चुकलं सर."

"जुनं टाकून देता येते का, एवढंच सांगा."

"येतं. सगळं पुसून पहिल्यापासून टाकावं लागेल. तुमच्या फाइली आधी बाजूला काढते. तीन-चार तास लागतील. पण आवाज तोच येणार, जुना. डब्यातला."

"टाका."

"पोरं हसतील म्हणत होता तुम्ही."

"हसले तं हसले. मुका लॅपटॉप घेऊन उभा राहाण्यापेक्षा बरं."

मी दुसरी सगळी कामं बाजूला सारली. तीन गिऱ्हाइकं परत पाठवली. फाइली दोन ठिकाणी काढल्या, मशीन कोरं केलं, जुनी सिस्टीम टाकली, मग स्क्रीन रीडर. सर बाकावर बसून होते. मी चहा मागवला तो त्यांनी घेतला. दिवेलागणीला काम झालं. नेहमीप्रमाणे मी आवाज अगदी संथ लावून तपासला, म्हणजे मला एकेक शब्द कळतो. लो... णार... सरो... वर. माझं मलाच वाईट वाटलं. त्या बाईच्या गोड आवाजापुढे हे म्हणजे अगदीच भंगार. सरांनी इअरफोन घातला, बोटं चालवली, पाच मिनिटं काहीतरी बदल केले आणि म्हणाले, "ठीक आहे." शेवटच्या गाडीची वेळ झाली होती. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला निघाले तर म्हणाले, "रस्ता माहीत आहे मले."

शुक्रवारी मी दुकानाचं शटर उघडलंच नाही. सकाळची एसटी पकडून शाळेत गेले. मुख्याध्यापकांना म्हटलं, मशीनला काही झालं तर मी असावं म्हणून आले. ते म्हणाले, बसा मागं, पण हात लावायचा नाही. मी शेवटच्या बाकावर दोन पोरींच्या मध्ये जाऊन बसले. मुख्याध्यापक खिडकीपाशी वही घेऊन. दोन पालकही आले होते.

सरांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला, तार चाचपून प्रोजेक्टरला लावली, स्पीकर लावला. बटण दाबलं.

आणि स्पीकरमधून जो आवाज आला तो मला ओळखूच आला नाही. शब्द नव्हतेच. नुसती घरघर. चक्कीत दाणे पडावेत तसं तडतड तडतड, आणि बंद. गेलं, मशीन बिघडलं. मी अर्धी उठलेसुद्धा.

वर्ग फिस्सकन हसला. मग सगळेच हसायला लागले. मागच्या बाकावरच्या एकाने तसाच आवाज काढून दाखवला, तडतडतड, आणि आणखी हसू.

सर शांत उभे होते. हसू ओसरायची वाट बघत. मग म्हणाले, "झालं? आता सांगा, काय म्हणलं त्यानं?"

कोण सांगणार?

"परत ऐका." एक की दाबली. तडतडतड. पोरं कान टवकारून पुढे सरकली. कोणाला काही कळलं नाही.

"तो म्हणून राह्यला, फोल्डरमध्ये चौदा फाइली आहेत. तिसरी फाइल लोणारची. काल संध्याकाळी सव्वासातला सेव्ह झाली." सरांनी की दाबली आणि पडद्यावर लोणारचा फोटो आला.

तडतड करून दाखवणारा पोरगाही पुढे वाकून बघायला लागला.

मग धडा सुरू झाला. लॅपटॉप दोन सेकंद तडतडायचा आणि सर त्याचं पाच मिनिटं सांगायचे, त्यांच्या स्वतःच्या खणखणीत आवाजात. विवर कसं झालं, पाणी खारं का, काठावर देवळं कोणी बांधली, बघायला येणाऱ्या माणसाने काय जपायचं. मध्येच पडद्यावर कसलीशी सूचनेची चौकट आली आणि फोटो झाकला. मुख्याध्यापकांनी सांगायला हात वर केला, तोवर सरांनी ऐकून ती बंदही केली होती. पंधरा मिनिटांनी पोरं लोणारपेक्षा त्या आवाजातच जास्त गुंतली. एक मुलगी उभी राहिली.

"सर, माझ्या पुस्तकातलं पान टाइप केलं तं तुम्ही अशानंच वाचता?"

"हाव. पण मले एका पानाले वीस सेकंद लागतात. तुले किती लागतात?"

मुलगी खाली बसली. मग मुख्याध्यापक उठले, स्पीकरला कान लावला आणि म्हणाले, "एकदा लावा बरं परत." लावलं. तरी त्यांना एक शब्द कळला नाही. पालकांपैकी एकजण मोठ्याने म्हणाला, "हे तं कोणी फोनवर सांगतलं तरी आपल्याले समजणार नाही बाप्पा!" आणि आता हसला तो सगळा वर्ग, सरांसकट. मुख्याध्यापकांनी वही मिटली. दहावीचा इतिहास सरांकडेच राहिला. लेखी पत्र वगैरे काही नाही, वेळापत्रक बदललं नाही एवढंच.

मी मात्र त्या बाकावर थिजून बसले होते. आठ वर्षं मी या माणसाचं मशीन दुरुस्त करते. आणि ते किती वेगाने ऐकतात हे मला माहीत नव्हतं! इअरफोन त्यांच्या कानात असायचा, आणि मी तपासायची ती माझ्या वेगावर. माझ्या कानाला तो आवाज भंगार होता, म्हणून मी ठरवून टाकलं की त्यांनाही तो भंगारच वाटत असणार.

तास संपल्यावर व्हरांड्यात मी त्यांना विचारलं, "सर, त्या बाईचा आवाज इतका वेगात चालतो?"

ते जरा घुटमळले. "नाही. वेग वाढवला की तिचे शब्द एकमेकात मिसळतात. गोड आहे, पण पळत नाही. ते चार दिवस मले घंटाभराच्या तयारीले तीन घंटे लागले."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही लय आनंदानं टाकून दिलं होतं," सर म्हणाले. "म्हणलं, राहू द्या."

माझे डोळे भरून आले, आणि एक बरं होतं की ते त्यांना दिसणार नव्हते. पण म्हटलं ना, कान तिखट आहेत. खिशातून रुमाल काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

पुढे ती सिस्टीम रीतसर बाजारात आली, आवाजाचा दोषही गेला. सरांच्या लॅपटॉपवर आता दोन्ही आहेत. बाईचा आवाज वर्गाला गोष्ट ऐकवायला, आणि तडतड स्वतःसाठी. माझ्या धंद्यातला बदल एवढाच की मशीन परत देण्याआधी ते ग्राहकाला माझ्यासमोर चालवायला लावते, त्याच्या पद्धतीने, त्याच्या वेगाने, आणि तोवर तोंड बंद ठेवते. वेळ फार जातो. लोक कुरकुरतात. चालायचंच.